केंजेगुलच्या अंगातला उन्हाळा

केंजेगुलला घरातला एक रेडिएटर बंद करायचा होता. फक्त एक. बैठकीच्या खोलीतला, खिडकीखालचा, गरम पाण्यावर खोली तापवणारा, रंगाचे पापुद्रे सुटलेला. यात कोणाचं काही बिघडण्यासारखं नाही असं तिला वाटलं, आणि तिथेच ती फसली. कारण बिश्केकच्या त्या पाच मजली इमारतीत, जानेवारी महिन्यात, बाहेर उणे अठरा असताना, "फार उकडतं हो" अशी तक्रार आजवर कोणी केलेली नव्हती. लोक रेडिएटरवर मोजे वाळत घालतात, त्याच्यावर मांजर झोपवतात, बाहेरून आलं की आधी त्याला पाठ टेकून उभे राहतात आणि मग घरच्यांकडे बघतात. अशा वस्तूला कुलूप घालायचं म्हणणारी बाई एकतर वेडी असणार, नाहीतर तिच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार.

केंजेगुल वेडी नव्हती. ती त्रेचाळीस वर्षांची होती, शाळेत भूमिती शिकवत होती, आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने गळ्याचं बटण वर्गात कधी उघडं ठेवलं नव्हतं. काळंबेरं मात्र थोडं होतं.

ऑक्टोबरमध्ये तिची गर्भाची पिशवी काढली. गाठी होत्या, रक्त जाऊन जाऊन बाई पांढरी पडली होती; डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं आणि बीजकोशही बरे दिसेनात म्हणून तेही काढले. घरात खरं काय ते फक्त नवऱ्याला, कुबातला माहीत. बाकी सगळ्या जगाला "पोटाचं छोटंसं ऑपरेशन" असं सांगून ठेवलं होतं. यात लाजण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण केंजेगुलला लग्नाची मुलगी होती. जिबेक, वय बावीस. तिचं ठरत आलं होतं. आणि आईच्या पिशवीत गाठी निघाल्या हे कळलं की लोक मुलीच्या पोटाकडे कसं बघतात, हे केंजेगुलने दोन चुलत बहिणींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर "पोटाचं छोटंसं ऑपरेशन".

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं होतं, "इतर बायकांची पाळी जाते ती सावकाश, एकेक पायरी उतरत. तुम्हाला जिन्यावरून ढकलून दिल्यासारखं होईल. त्रास झाला तर लगेच या." केंजेगुलने मान डोलावली. तिला वाटलं, बोलायची पद्धत असते एकेकाची.

पहिली झळ आली ती आठवीच्या वर्गात. समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत, असं ती फळ्यावर सांगत असताना छातीच्या मधोमध कोणीतरी चहाचा समोवर पेटवला. ऊब वर चढली, मानेत गेली, कानात गेली, केसांच्या मुळांतून बाहेर पडू लागली. कपाळावरचा घाम थेट त्या समांतर रेषांवर टपकला आणि त्या भेटल्या. केंजेगुलने खडू टाकला आणि खिडकी उघडली.

वर्गात कोणी श्वास घेईना. आमच्याकडे माणसं लांडग्याला भीत नाहीत इतकी वाऱ्याच्या झोताला भितात. झोताने मान धरते, कान जातो, मूत्रपिंडं गारठतात, बायकांची तर काय काय वाट लागते. पुढच्या बाकावरच्या मुलीने स्वतःचा स्कार्फ काढून डोक्याला बांधला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "बाई, आम्ही काय केलं?"

त्या आठवड्यात तशा झळा दिवसाला अठरा मोजल्या. भूमितीची बाई, मोजणारच. शिवाय झोप नाही, आणि रडू कशाने यावं त्याला धरबंध नाही. एकदा बटाटा सोलताना त्याचा आकार फार केविलवाणा वाटला म्हणून ती दहा मिनिटं रडली. मग मात्र ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्यांनी रक्तदाब पाहिला, छातीची तपासणी करून घेतली, तीन फॉर्म भरले, चार शिक्के मारले आणि एक जेल लिहून दिलं. "तुमच्या शरीरात जो हार्मोन बनायचा थांबलाय तोच आहे हा. दाबाची बाटली आहे. रोज सकाळी एकदा दाबायची, दंडाला चोळायचं, वाळू द्यायचं, मग कपडे. पिशवी नाही, त्यामुळे याच्या जोडीला दुसरी गोळी नको. आणि दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू देऊ नका."

जेलने जादू केली. तीन आठवड्यांत अठराच्या चार झाल्या. बटाटे पुन्हा बटाट्यांसारखे दिसू लागले. केंजेगुलने वर्गात खिडकी उघडणं बंद केलं आणि पोरं पुन्हा बेधडक दंगा करायला लागली.

पण बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं की हे बायकांचं हार्मोन आहे. न्हाणीघरात येणारा-जाणारा वाचणार. म्हणून केंजेगुलने बाटली कोमट पाण्यात भिजवली आणि लेबल खरवडून काढलं. स्वच्छ. अक्षर राहिलं नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तिने ती कोरी पांढरी बाटली फडताळात ठेवून दिली.

आता सासरे. असानबेक मामंजी, वय एकोणऐंशी, हिवाळ्यापुरते गावाकडून लेकाकडे आलेले. दोन्ही गुडघे पन्नास वर्षं घोड्यावर बसून कामातून गेलेले. एके सकाळी त्यांना न्हाणीघरात बाटली सापडली. त्यांनी दाबून वास घेतला. स्पिरिटचा वास. ज्याला स्पिरिटचा वास येतो ते औषध खरं, बाकी सगळं थोतांड, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही गुडघ्यांना भरपूर चोळायला सुरुवात केली. आणि माणूस उदार असल्यामुळे अंगणातल्या बाकावर सोंगट्या खेळणाऱ्या दोघा मित्रांसाठीही ती बाटली घेऊन गेले.

जानेवारीच्या सात तारखेला केंजेगुलने बाटली दाबली. फुस्स झालं.

"मामंजी," तिने जेवताना विचारलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, "न्हाणीघरातली पांढरी बाटली..."

"उत्तम!" मामंजी म्हणाले. "सुनबाई, तू आणलीस ना माझ्यासाठी? बोलली नाहीस, पण मी ओळखलं. असं औषध आजवर लावलं नव्हतं. गुडघे लोण्यासारखे झालेत. बाकावरचा जुमा तर म्हणतो, त्याला आताशा गाणी ऐकली की भरून येतं."

कुबातला ठसका लागला. तो ट्रॉलीबसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता, शांत माणूस, पण त्या दिवशी त्याला टेबलावरून उठून जावं लागलं.

केंजेगुलने स्वयंपाकघराचं दार लावून डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"एका... व्यक्तीने चुकून ते जेल लावलं तर?"

"बाई की पुरुष?"

"पुरुष. ऐंशीचे. गुडघ्यांना." शेवटी तिने खरं ते सगळं सांगून टाकलं. "आणि त्यांचे दोन मित्र."

मग डॉक्टरीणबाई फार जपून बोलल्या, "ताबडतोब बंद करा म्हणावं. साबणाने धुवा. छातीत दुखलं, पाय सुजला तर घेऊन या तिघांनाही. आणि बाटलीवर नाव लिहिलेलं असतं ना हो, मग त्यांना कळलं कसं नाही?"

या प्रश्नाला केंजेगुलजवळ उत्तर होतं. तिने घाईने आभार मानले आणि फोन ठेवला.

मामंजींना "त्या औषधाने हृदयावर ताण येतो" असं सांगून थांबवलं. नवी बाटली आणायला ती औषधाच्या दुकानात गेली तर खिडकीतली मुलगी संपूर्ण रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बायकांचं जेल? संपलंय! महिनाअखेर येईल!" रांगेतली एक बाई वळून म्हणाली, "घेऊच नका. माझ्या नणंदेला मिशा आल्या." मागचा माणूस म्हणाला, "माझ्या बायकोला गोळ्यांनी बरं वाटलं. मिशा मला आल्या, पण त्या आधीपासूनच होत्या." अख्खी रांग हसली. चारच दुकानं होती त्या भागात. चारही ठिकाणी महिनाअखेर.

आणि जिबेकच्या कुड्या एकोणीस तारखेला होत्या.

कुड्या म्हणजे मुलाची आई येते आणि स्वतःच्या हाताने मुलीच्या कानात कुड्या घालते. त्या घातल्या की मुलगी त्यांची झाली. त्या घालायच्या आधी कोणीही उठून जाऊ शकतं. मुलगा एमिल चांगला होता, पण त्याची आई शायिरगुल दक्षिणेकडच्या, कडक रिवाजांच्या ओशची होती, आणि तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात मुख्य परिचारिका होती. बाईचा चेहरा बघून पोटात काय आहे आणि काय नाही ते सांगते, अशी तिची ख्याती होती. अशा बाईसमोर चार तास जेवणाच्या दस्तरखानाशी बसायचं, आणि तेही जेलशिवाय!

झळा परत आल्या होत्या. चार, सात, अकरा. बैठकीच्या खोलीत तो रेडिएटर असा तापायचा की बसल्या जागी बारावी यायची. खिडकी उघडावी तर पाहुणे झोताला भिऊन पळतील. म्हणजे रेडिएटरच थंड करायला हवा. खोली नुसती जरा कमी गरम असली तर कोणाला कळणारही नाही. तेवढंच. एक नळ बसवायचा. बंद, चालू. अगदी सोपं.

उष्णता पुरवठा कार्यालयात पुरवठ्याच्या टेबलाशी एक जाड चष्म्याची बाई होती.

"तक्रार?"

"रेडिएटरला नळ बसवायचाय."

"कमी तापतो का?"

"नाही. जास्त."

बाईने चष्मा काढला. "बावीस वर्षं बसते मी या खुर्चीत. लोक इथे येऊन रडतात, ओरडतात, एकाने मला गोठलेला मासा आणून दाखवला. जास्त म्हणून कोणी आलं नाही. कारण लिहा."

"कारण लिहायलाच हवं?"

"वैद्यकीय असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा, निदानासकट. एक प्रत इमारतीच्या फलकावर लागते. वैद्यकीय नसेल तर त्या पाइपवरच्या पाचही घरांची संमती आणा, सह्यांसकट."

निदान फलकावर! केंजेगुलने "खोलीत फार उकडतं" एवढंच लिहून अर्ज दिला आणि सह्या गोळा करायला निघाली.

इथे तिने भूमितीच्या बाईला न शोभणारी चूक केली. प्रत्येक घरात वेगळं कारण सांगितलं. पहिल्या मजल्यावर, भिंतीचा कागद सुटतो. दुसऱ्यावर, कुंडीतली झाडं करपतात. वरच्या चौथ्या मजल्यावर बुरूल राहायची. त्या जिन्यावरच्या सगळ्या घरांनी निवडून दिलेली प्रमुख, उंच, रुंद, सगळी इमारत तिला "एजे" म्हणायची, म्हणजे ताई. तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. तिला केंजेगुल म्हणाली, जिबेकच्या रेशमी कापडाला गरम हवा बाधते.

बुरूल एजेने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझा चेहरा का असा लाल?"

"जिना चढून आले."

"एक मजला चढून? झोत लागलाय तुला. मेंढीची चरबी गरम करून छातीला लाव, कमरेला लोकरीचा पट्टा बांध आणि कडक गरम चहा पी. दिवसातून आठ कप. मागून गरम गरम पाण्यात पाय."

केंजेगुलला नुसत्या ऐकण्याने झळ आली.

बुरूल एजेने तासाभरात खाली-वर फोन करून तिन्ही कारणं जुळवून पाहिली. ती जुळली नाहीत. एक खोली, बर्फासारखी थंड हवी, तीही समारंभाच्या आधी. संध्याकाळपर्यंत जिन्याने निर्णय दिला होता: केंजेगुलने मेजवानीच्या मांसासाठी घोडा कापलाय. अख्खा घोडा बैठकीच्या खोलीत टांगून ठेवणार आहे आणि शेजाऱ्यांना त्यातला तुकडाही देणार नाही.

"सही करते," दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "पण मांडीचा भाग आम्हाला."

"कसली मांडी?"

"असू दे, असू दे. आम्ही काही पाहिलं नाही."

बुरूल एजे मात्र सही देईना. तिला बरगड्या हव्या होत्या, आणि त्या नाहीत म्हटल्यावर तिला तो अपमान वाटला. "मी तुझ्या ऑपरेशनच्या वेळी सूप आणलं होतं," ती दारातून म्हणाली. "हाडांचं. सहा तास उकळलेलं. लक्षात ठेव."

अर्ज राहिला तिथेच. तारीख आली अठरा, शनिवार. आणि केंजेगुलने, जिने आयुष्यात लाल दिव्यात रस्ता ओलांडला नव्हता, तोलिक नावाच्या प्लंबरला परवानगीशिवाय बोलावलं.

"अर्ध्या तासाचं काम," तोलिक म्हणाला. जगातले सगळे मोठे अपघात याच वाक्याने सुरू होत असावेत. तो तळघरात गेला, एक नळ बंद करून आला, पाइप ठोकून पाहिला आणि करवत लावली. पाइप साठ वर्षांचा होता. कापला तोवर ठीक. नव्या नळासाठी आटे पाडायला गेला तर लोखंड बिस्किटासारखं हातात आलं. मग तळघरातला नळ पूर्ण बंद झालेलाच नव्हता हेही कळलं. काळंशार, कढत पाणी भिंतीवर, गालिच्यावर, नव्या गाद्यांवर. मामंजी उडी मारून सोफ्यावर चढले. गुडघ्यांना लावलेल्या जेलचा गुण अजून शिल्लक असावा.

तोलिक तळघरात धावला आणि हाताला येईल तो नळ फिरवत सुटला. अखेर पाणी थांबलं. त्याबरोबर संपूर्ण जिन्याची, पंधरा घरांची, उष्णताही थांबली.

कुबातने तातडीच्या सेवेला फोन लावला. तिकडच्या माणसाने पत्ता घेतला, कागद चाळले आणि म्हणाला, "पण आमच्याकडे तुमचा अर्ज आहे ना, खोलीत फार उकडतं म्हणून. मग चांगलंच झालं की."

"अहो, पंधरा घरं गारठतायत!"

"सोमवारी माणूस येईल. तोवर बंदच ठेवा, उघडलं तर पहिला मजला बुडेल."

संध्याकाळी जिन्यात सगळे जमले. फरच्या टोप्या, दोन दोन कोट, तोंडातून वाफा. कुबात म्हणत होता, "पाइप जुना होता, कधीतरी जायचाच होता..." बुरूल एजे कमरेवर हात ठेवून विचारत होती, "घोड्यासाठी पंधरा घरं मारलीस? एका घोड्यासाठी?"

आणि नेमक्या त्या क्षणी केंजेगुलला झळ आली. साधीसुधी नव्हे, मोठी. तिने कोट काढला. स्वेटर काढला. गळ्याचं बटण काढलं. उणे तापमानाच्या जिन्यात तिच्या डोक्यातून, खांद्यांतून वाफ निघायला लागली, उकळत्या पातेल्यावरून झाकण काढावं तशी. सगळे मागे सरले.

"ताप आहे हिला," कोणीतरी म्हणालं.

"ताप नाही!" केंजेगुलचा आवाज असा चढला की पाचव्या मजल्यावरून कुत्रा भुंकला. "घोडा नाही, भिंतीचा कागद नाही, काही नाही! पिशवी काढली माझी ऑक्टोबरमध्ये! सगळं काढलं! दिवसातून अकरा वेळा माझ्या अंगात उन्हाळा येतो, आणि औषध होतं ते संपलं, आणि उद्या ओशहून विहीण येणार आहे, आणि तिला हे दिसलं तर माझ्या पोरीचं..." पुढचं रडण्यात गेलं.

मामंजी दारात उभे होते. "कुठलं औषध संपलं?" त्यांनी विचारलं. म्हातारा हळूहळू स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागला. मग वळून घरात गेला, आणि न्हाणीघरात पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बुरूल एजेने केंजेगुलचा स्वेटर जमिनीवरून उचलला, झटकला आणि घडी करून काखेत धरला. "गाढवे," ती म्हणाली. "मला आधी सांगितलं असतंस तर पाचही सह्या मीच केल्या असत्या. माझी पाळी गेली तेव्हा मी सहा वर्षं रात्री बाल्कनीत झोपायची. नवऱ्याला सांगायची, चांदण्या बघते." मग ती जिन्याकडे वळली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? उद्या कोणाच्या तोंडातून चकार शब्द निघता कामा नये."

रविवारी सकाळी तीन घरांतून विजेचे हीटर आले. तिन्ही एकदम लावले आणि फ्यूज उडाला. कुबातने तो बदलला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा मीटरच्या पेटीतून धूर आला आणि ट्रॉलीबसच्या डेपोचा इलेक्ट्रिशियन पेटीवर टॉवेल घालून तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

बारा वाजता पाहुणे आले. पुढे शायिरगुल, गुडघ्यापर्यंत फर, डोक्याला दोन शाली. मागे तिच्या दोन जावा, एमिल आणि त्याचा एक मामा. दार उघडायला बुरूल एजे अगोदरच हजर.

"या, या! केंजेगुलला काहीही झालेलं नाही हं," ती हसून म्हणाली. "प्रकृती एकदम ठणठणीत. पोटात जे जे असायला हवं ते सगळं आहे."

शायिरगुलने भुवई वर केली. केंजेगुलला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मग ते चार तास. मेंढीचं मांस ताटात येईपर्यंत त्यावर पांढरी चरबी गोठायची. बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळून आणले की दगड. चहा पेल्यात पडताना वाफ एवढी निघायची की पलीकडचा पाहुणा दिसेनासा व्हायचा. ओशची माणसं हातमोजे घालूनच बसली होती. मानाचं कमरेचं हाड शायिरगुलने हातमोज्यानेच स्वीकारलं. मामंजींनी दुवा दिली, तीही थोडक्यात, दात वाजत होते म्हणून. फक्त केंजेगुल नुसत्या पातळ ब्लाउजवर बसली होती, कारण नववी झळ येऊन गेली होती आणि दहावी कधी येईल याचा नेम नव्हता. शायिरगुल अधूनमधून तिच्याकडे बघत होती.

शेवटी कुड्या निघाल्या. सोन्याच्या, लाल खड्याच्या, मागे बारीक फिरकी. जिबेक समोर बसली, केस मागे घेऊन. थंडीने तिच्या कानाच्या पाळ्या निळ्या पडल्या होत्या. शायिरगुलने हातमोजे काढले. डावी कुडी कानात घातली, फिरकी बसवायला गेली आणि फिरकी पडली. सगळे गालिच्यावर ओणवे झाले. सापडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. एक जाऊ दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली. फिरकी दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तर कुड्या परत डबीत जातात, असं म्हणणारी माणसं अजून आहेत, आणि त्यातली निदान दोन या खोलीत होती. एमिल पांढराफटक पडला.

शायिरगुलने बोटांवर फुंकर घातली. बोटं लाकडासारखी, वळेनात. तीस वर्षं इवल्या इवल्या नाळा बांधणारी बोटं, आणि एक फिरकी धरवेना.

दुसऱ्यांदा पडलेली फिरकी केंजेगुलच्या गुडघ्यापाशी घरंगळली होती. तिने ती उचलली आणि विहिणीच्या तळहातावर ठेवली. हाताला हात लागला, आणि त्याच क्षणी दहावी आली. छातीतून, खांद्यांतून, दंडांतून, थेट बोटांच्या टोकांपर्यंत.

केंजेगुलने हात मागे ओढला. शायिरगुलने तो सोडला नाही. उलट दुसराही हात पुढे केला आणि दोन्ही गारठलेले पंजे केंजेगुलच्या ओंजळीत कोंबले, पिल्लं घरट्यात ठेवावी तसे.

"कधी काढली?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

भिंतीचा कागद, कुंडीतली झाडं, रेशमी कापड. केंजेगुलने तिन्ही कारणं मनात आठवून पाहिली. "ऑक्टोबरमध्ये," ती म्हणाली.

"बीजकोशांसकट?"

"हो."

"दारातच कळलं मला. एवढ्या थंडीत कोणी ब्लाउजवर बसतं? आणि काही लावत नाही का अंगाला?"

"जेल होतं. संपलं." केंजेगुलने आवाज आणखी खाली आणला. "सासऱ्यांनी गुडघ्यांना लावलं."

शायिरगुलचा चेहरा हलला नाही. मग फरचा कोट गदागदा हलायला लागला. "तीस वर्षांत," ती डोळे पुसायला हात मोकळा नसल्यामुळे खांद्याला गाल घासत म्हणाली, "हे मी ऐकलं नव्हतं!"

"जिबेकचं मात्र... तिला काही नाही, विहीणबाई. मी दाखवून..."

"माझ्या आईच्या पिशवीत खरबुजाएवढी गाठ होती. मला चार पोरं झाली. त्यातलं एक हे इथे भुतासारखं पांढरं होऊन बसलंय." तिने बोटं हलवून पाहिली. ती वळली. एक हात काढून घेतला, फिरकी धरली, जिबेकच्या कानामागे नेली, दोन वेढे दिले. बसली.

खोलीभर निःश्वास सुटला. बुरूल एजे मोठ्याने रडायला लागली. मामंजींनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. केंजेगुलने हळूच आपली ओंजळ आवरती घेतली.

"हात कुठे नेता?" शायिरगुल म्हणाली आणि बोटं पुन्हा आत खुपसली. "दुसरा कान राहिलाय."

झळ साधारण चार मिनिटं टिकते, हे केंजेगुलने घड्याळ लावून मोजलेलं होतं. तीन होत आली होती. कपाळावरचा घाम हनुवटीवर आला, तिने तो पुसला नाही. तिने विहिणीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले आणि ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच मनातल्या मनात विनवणी केली: थांब गं, एवढ्यात जाऊ नकोस.